छान बोलता हं तुम्ही!



गेली काही वर्षं मला एक नवंच काम लागलं आहे. ओळखीतल्या कुणाचा मुलगा, कुणाची भाची जर्मनीला शिकायला निघते. मी कधीकाळी तिथल्या एका विद्यापीठात वर्षभर होतो, हे आठवून तिचे आईवडील मला फोन करतात. प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती असते? खोली मिळेल ना? पोळीभाजीचं काय? हे फोन वाढताहेत यात नवल नाही. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांच्या वर गेली होती. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता सर्वांत मोठा गट आपलाच आहे. मी १९९२ साली म्यूनिकला गेलो, तेव्हा कानावर मराठी पडायला मला दोन महिने लागले होते.

कागदपत्रांचं मी या पालकांना फारसं सांगत नाही. ते मुलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पदव्यांची तपासणी करणारं एपीएसचं प्रमाणपत्र २०२२च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं झालं. वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात टाकावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही हे खरं; पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात आणि म्यूनिकच्या तंत्रविद्यापीठानंही २०२४पासून अशी फी सुरू केली आहे. एवढा हिशेब करून मुलं निघतात. मला आज बोलायचं आहे ते त्यापुढचं. गेल्यावर तिथे माणूस रुजतो कसा आणि किती दिवसांनी रुजतो, याबद्दल.

मी मिरजेचा. वडील रेल्वेत होते. घरात दखनी बोलायची, गल्लीत आणि शाळेत मराठी. पुण्याला बी.ए. करताना जर्मन घेतलं, त्यात गोडी लागली आणि एका शिष्यवृत्तीवर १९९२च्या ऑक्टोबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत म्यूनिकच्या लुडविग-माक्सिमिलिआन विद्यापीठात राहायला मिळालं. हे विद्यापीठ १४७२ साली इंगोलश्टाट गावी निघालं आणि १८२६ साली म्यूनिकला आलं. आमच्या मिरजेतही जुन्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यामुळे जुनेपणाचं मला अप्रूप वाटलं नाही. अप्रूप वाटलं ते तिथे मला कुणी काहीच विचारत नव्हतं याचं.

मिरजेत घराबाहेर पडलं की चौकापर्यंत तीन माणसं विचारणार, कुठं निघालास? म्यूनिकमध्ये मी आठ दिवस खोलीत पडून राहिलो असतो, तरी कुणी दार वाजवलं नसतं. हा तुसडेपणा नव्हे, हे कळायला मला बराच वेळ लागला. समोरच्याच्या दारात न बोलावता जायचं नाही, ही त्यांची अदब आहे. मात्र आपण होऊन विचारलं, तर तोच माणूस हातातलं काम टाकून, नकाशा काढून, अर्धा तास समजावून सांगतो. आपल्याकडची मुलं इथेच अडकतात. विचारणं म्हणजे भीक मागणं, असं आपल्याला वाटत असतं.

पहिला आठवडा नावनोंदणीत गेला. त्या देशात राहायला आलं की पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो. त्या कागदावाचून बँकेचं खातं नाही की कसला परवाना नाही. अर्जात धर्माचा रकाना होता. माझ्या पोटात गोळा आला. पण खिडकीपलीकडच्या बाईंचा हेतू वेगळाच होता. तिथे चर्चच्या सभासदांकडून प्राप्तिकरासोबत चर्चचा कर वसूल होतो. बायर्न राज्यात तो प्राप्तिकराच्या ८ टक्के असतो. मी मुसलमान म्हटल्यावर बाईंनी रकान्यात एक आडवी रेघ ओढली. त्यांच्या लेखी मी करातून सुटलेला माणूस होतो. आडनाव शेख असल्यामुळे मात्र त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. जर्मनमध्ये तेलाच्या विहिरी बाळगणाऱ्या अरबाला ‘शाइख’ म्हणतात. माझ्या अंगावर तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला कोट होता.

राहायला जागा मिळाली ती फ्राइमान भागातल्या श्टुडेन्टेनश्टाट या वसाहतीत. नावाचा अर्थच विद्यार्थ्यांचं शहर. तिथून यू-सहा ही भुयारी गाडी थेट विद्यापीठाच्या दाराशी सोडते. या वसाहतीतल्या एका उंच इमारतीला २०२१ साली आग लागली आणि त्यानंतर काही मनोरे रिकामे करावे लागले. म्यूनिकमध्ये खोल्यांची टंचाई तेव्हाही होती, आता ती फारच वाढली आहे. म्हणून मी मुलांना सांगतो, प्रवेशाचं पत्र हातात पडायची वाट पाहू नका, वसतिगृहाचा अर्ज आधी टाका.

आमच्या मजल्याला एकच स्वयंपाकघर होतं. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा, कप्प्यावर नाव. भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता. काचेच्या बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा, आणि बाटल्या डब्यात टाकायच्या त्या रविवारी नाही, कारण आवाज होतो. दुकानं तेव्हा संध्याकाळी साडेसहाला बंद होत, शनिवारी दुपारी दोनला. रविवारी तर सगळं शहर झोपलेलं. पहिल्या शनिवारी हे ठाऊक नसल्यामुळे सोमवारपर्यंत मी चहा आणि बिस्किटांवर होतो. मग मजल्यावरच्या एका ग्रीक मुलानं शुक्रवारी बाजार करायची सवय लावली.

आईनं बरोबर कुकर दिला होता. मी पहिल्यांदा डाळ लावली आणि तिसऱ्या शिट्टीला पाच जण स्वयंपाकघरात धावत आले. एकानं आग विझवायचं नळकांडं भिंतीवरून काढलंही होतं. त्यानंतर ‘आज शिट्टी आहे’ अशी चिठ्ठी मी सकाळीच दारावर लावायला लागलो आणि त्या चिठ्ठीखाली जेवायला येणाऱ्यांची नावं पडायला लागली.

विद्यापीठाची रीत समजायला त्याहून जास्त वेळ लागला. माझी बी.ए. ही पदवी तिथे कुणाला कळेना. युरोपातल्या पदव्या एका साच्यात आणणारा बोलोन्या करार १९९९चा. त्याआधी तिथे बॅचलर नव्हतंच, माझ्या विषयांत सरळ माजिस्टर असे. सत्र कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं, व्याख्यानं बरीच नंतर. कुठला प्राध्यापक कुठल्या खोलीत काय शिकवणार, याचं एक जाडजूड पुस्तक दुकानात विकत मिळायचं. ते घ्यायचं आणि आपलं वेळापत्रक आपणच बनवायचं. पुस्तकात ‘१० सी.टी.’ असं लिहिलेलं असे. हे लॅटिन आहे, अर्थ असा की तास सव्वादहाला सुरू होणार. वक्तशीर म्हणून जगात गाजलेल्या या लोकांनी विद्यापीठात पंधरा मिनिटांचा उशीर शास्त्रोक्त करून ठेवला आहे, हे पाहून मला आपल्या लोकांची आठवण आली.

हजेरी नाही, वर्षाखेरची मोठी परीक्षा नाही. व्याख्यान संपलं की टाळ्यांऐवजी बाकावर मुठी आपटायच्या. चर्चासत्राला बसायचं, एका विषयावर सगळ्यांपुढे बोलायचं, मग निबंध लिहायचा; तो पसंत पडला तर एक कागदी दाखला मिळे, त्याला ‘शाइन’ म्हणत. विद्यार्थी आपसांत ‘डू’ म्हणजे अरेतुरे करत. प्राध्यापक मात्र विद्यार्थ्याला ‘झी’ म्हणजे अहोजाहो करत. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ‘श्रीयुत शेख’ म्हणालं ते म्यूनिकच्या वर्गात, वयाच्या बाविसाव्या वर्षी. पुण्यात आमचे सर आम्हाला ‘ए, तू मागचा’ म्हणत. माया होती त्यात, पण वर्गात सरांचं म्हणणं खोडून काढायची हिंमत नव्हती. इथे ‘झी’ म्हणणाऱ्या माणसाला ‘मला हे पटत नाही’ असं म्हणता येतं, एवढंच नव्हे तर म्हणावंच लागतं. गप्प बसणारा विद्यार्थी नम्र नव्हे, तर न वाचून आलेला समजतात. आपल्याकडून गेलेल्या हुशार मुलांना याचा फार त्रास होतो.

मी ज्या विभागात होतो, तिथे परकी भाषा म्हणून जर्मनचा अभ्यास चाले. हाराल्ड वाइनरिश या भाषापंडितांनी तो १९७८ साली उभा केला. त्यांच्याच प्रयत्नातून १९८५ साली एक साहित्य पुरस्कार सुरू झाला. ज्यांची मातृभाषा जर्मन नाही, पण जे जर्मनमध्ये लिहितात, अशा लेखकांसाठी. त्याला नाव दिलं आडेलबेर्ट फॉन शामिसो या कवीचं. शामिसो १७८१ साली फ्रान्समध्ये जन्मला, घरची भाषा फ्रेंच, आणि पुढे जर्मन कवी म्हणून नावाजला. पहिला पुरस्कार आरास ओरेन या तुर्की लेखकाला मिळाला. २०१७ साली हा पुरस्कार बंद झाला. असे लेखक आता जर्मन साहित्याच्या मुख्य प्रवाहात आहेत, वेगळ्या पाटाची गरज उरली नाही, असं कारण दिलं गेलं. मला ते पूर्ण पटलेलं नाही, पण तो वेगळा विषय आहे.

मला बोलायला विषय मिळाला तो शामिसोच. तयारी करताना रात्री-रात्री मी ग्रंथालयात बसलो, कारण हा माणूस मला आमच्या गल्लीतला वाटायला लागला होता. मी तेव्हा मराठीत कविता लिहीत होतो. आणि लिहायला लागल्यापासून एक वाक्य माझ्या पाठीला चिकटलेलं होतं. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की कुणी तरी मायेनं खांद्यावर हात ठेवून म्हणणार, ‘मुसलमान असून मराठी किती छान बोलता हं तुम्ही!’ म्हणणारा मनापासून म्हणतो. रागावणार कुणावर? पण माझे आजे-पणजे मिरजेच्याच मातीत गेले. मी मराठी छान बोलू नको तर काय बोलू?

आता आमच्या मजल्यावरच्या एका मुलीबद्दल सांगतो. ती मला पहिल्यांदा भेटली परदेशी नागरिकांच्या कचेरीत, परवान्याच्या रांगेत. मला वाटलं, तीही नुकतीच आलेली असणार. ती जन्मली होती आउग्सबुर्गला, म्यूनिकपासून तासाभराच्या वाटेवर. जर्मनीनं १९६१ साली तुर्कस्तानाशी करार करून कामगार बोलावले. तिची आई १९७० साली तशी आली आणि आउग्सबुर्गच्या सूतगिरणीत लागली. मुलगी कायदा शिकत होती, तिचं जर्मन आमच्या काही प्राध्यापकांपेक्षा चोख होतं. पण त्या काळात जर्मनीत जन्मल्यानं जर्मन होता येत नसे. ती तरतूद २००० साली आली. तोवर ती तुर्की पासपोर्टवाली परदेशी. एकदा मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, आम्ही एका टेबलाशी बसलो होतो. समोर बसलेला मुलगा, बिचारा सज्जन, तिचं बोलणं ऐकून म्हणाला, ‘जर्मन किती छान बोलतेस!’

मी हातातला चमचा खाली ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘तुला काय झालं?’ म्हणाली. मी तिला मिरजेची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली, की आजूबाजूचे वळून बघायला लागले. त्या देशात माझी पहिली मैत्री अशी झाली.

ते वर्ष तिथेही वाईटच होतं. ऑगस्टमध्ये रोस्टोकला परदेशी लोकांच्या वस्तीवर जमावानं चार-पाच दिवस हल्ले केले होते. २३ नोव्हेंबरला म्योल्न गावात तुर्की कुटुंबं राहत असलेल्या घरांना आग लावली गेली, त्यात एक बाई आणि दोन मुली गेल्या. आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग म्यूनिकमधल्या काही मंडळींनी ठरवलं की एका रविवारी संध्याकाळी सगळ्या शहरानं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. तो रविवार होता ६ डिसेंबर १९९२.

सकाळी खोलीचं दार उघडलं तर माझ्या बुटात अक्रोड आणि चॉकलेट. सेंट निकोलसचा दिवस होता, मजल्यावरच्या कुणी तरी सगळ्यांच्या बुटांत खाऊ टाकला होता. संध्याकाळी आम्ही नऊ जण एकत्र गेलो. तीन-चार लाख माणसं होती म्हणतात. एवढी माणसं मी त्याआधी उरुसालाही पाहिली नव्हती, आणि एवढी शांतता तर नाहीच. माझ्या हातात मेणबत्ती होती आणि मी त्या मुलीच्या शेजारी, तिच्यासाठी म्हणून उभा होतो. मनात थोडा अभिमानही होता.

परत आलो, टीव्हीच्या खोलीत आठच्या बातम्या लागल्या होत्या. आधी आमच्याच शहरातले दिवे दाखवले. मग अयोध्या.

त्या खोलीत भारत नीट ठाऊक असलेला मी एकटाच. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि कुणी काही विचारेना. माझी मोठी बहीण, आमची आपा, तेव्हा मुंबईत भायखळ्याला राहायची. पुढे काय होणार, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. शेवटी मीच म्हणालो, मला घरी फोन करायचा आहे आणि माझ्या कार्डात दोनच मार्क उरलेत. एवढं म्हणायची खोटी. प्रत्येक जण आपापल्या खोलीत गेला आणि येऊन टेबलावर टेलिफोन कार्डं ठेवायला लागला. अर्धी वापरलेली, पाव वापरलेली, एक कोरं पन्नास मार्कांचं. सांत्वनाचा शब्द कुणी बोललं नाही. ग्रीक मुलगा कोट घालून माझ्याबरोबर खाली पिवळ्या बूथपाशी येऊन उभा राहिला.

फोन लागला तिसऱ्या दिवशी. आपाच्या चाळीखाली एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथला नंबर माझ्याकडे होता. डॉक्टरच फोनवर आले. म्हणाले, ‘तुझी बहीण आणि मुलं वर माझ्या घरी आहेत. जेवलीत. तू काळजी करू नकोस. तिकडे थंडी किती आहे रे?’ मी सांगितलं, उणे चार. म्हणाले, ‘बाप रे, सांभाळ हो.’ आणि कार्ड संपलं. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मिळून ९०० माणसं गेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. आमची माणसं वाचली.

त्या आठवड्यात स्वयंपाकघर साफ करायची पाळी माझी होती. मला वाटलं होतं, यंदा कुणी तरी माझ्याऐवजी करेल. कुणी केलं नाही. तक्त्यावर नाव माझं होतं. पहिल्यांदा राग आला. मग बादली घेतली, चूल घासली, फरशी पुसली. घासता घासता माझ्या लक्षात आलं की गेल्या दोन महिन्यांत मी पाहुणा होतो, शिट्टीवाला गमतीदार पाहुणा. पाहुण्याला कुणी फरशी पुसायला लावत नाही. त्या रात्री मला चार दिवसांनंतर झोप लागली.

जानेवारीत शामिसोवर बोललो. एका विद्यार्थ्यानं विचारलं, ‘तुम्ही स्वतः मातृभाषेत का लिहीत नाही?’ मी म्हणालो, ‘आईशी दखनी बोलतो, पण आईला पत्र लिहायचं तर मराठीतच लिहितो, कारण ती शाळेत तेवढंच शिकली.’ प्राध्यापकांनी ‘श्रीयुत शेख, हे निबंधात घाला’ म्हटलं, आणि बाकांवर मुठी वाजल्या. तो दाखला मी अजून जपून ठेवला आहे, कुठल्याही नोकरीत त्याचा उपयोग झाला नाही तरी.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत एक उंच, काचेच्या छताचा चौक आहे. १८ फेब्रुवारी १९४३ला हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी हिटलरविरोधी पत्रकं तिथे वरून खाली टाकली. तिथल्याच एका शिपायानं त्यांना पकडून दिलं आणि चार दिवसांत दोघांचा शिरच्छेद झाला. तो २४ वर्षांचा, ती २१ वर्षांची. माझ्या वर्षात त्याला बरोबर ५० वर्षं झाली होती. दाराबाहेरच्या फरसबंदीत ती पत्रकं आता कायमची बसवलेली आहेत, पडलेली असावीत तशी. रोज त्यांच्यावरून जावं लागे. पाय चुकवून चालायची सवय मला लागली होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस रमजान आला. इफ्तारला कुकरची डाळ, त्या मुलीच्या आईनं आउग्सबुर्गहून पाठवलेले खजूर आणि ग्रीक मुलाचे ऑलिव्ह. ईदची नमाज फ्राइमानच्या मशिदीत पढलो. शेजारी युद्धातून निसटून आलेले बोस्नियन बसले होते. नमाजेनंतर गळाभेट झाली आणि आम्हाला एकमेकांचा एकही शब्द कळत नव्हता.

उन्हाळ्याचं सत्र लवकर संपलं. इंग्लिश बागेतल्या हिरवळीवर पुस्तक उघडं ठेवून झोपलो, निबंध लिहिले. मे महिन्यात झोलिंगनला पुन्हा एक तुर्की घर जाळलं गेलं, पाच जणी गेल्या, आणि आम्ही पुन्हा मेणबत्त्या घेतल्या. ऑगस्टमध्ये निघताना कुकर त्या मुलीला देऊन आलो. ती आता वकील आहे. वर्षातून एकदोनदा आम्ही फोनवर बोलतो, आता कार्डं लागत नाहीत.

२०२४च्या जूनमध्ये जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा पुन्हा बदलला. जुना पासपोर्ट न सोडता जर्मन होता येऊ लागलं, आणि त्या पहिल्या कामगार पिढीला भाषेची लेखी परीक्षाही माफ झाली, बोलता आलं की पुरे. मैत्रिणीनं मागे लागून आईचा अर्ज भरला. म्हातारी पंचाहत्तरीच्या पुढची, चोपन्न वर्षं त्याच शहरात. कचेरीतल्या तरुण साहेबानं तिच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि उठताना म्हणाला, ‘आजी, जर्मन छान बोलता हं तुम्ही!’

मैत्रीण फोनवर सांगताना चिडली होती आणि हसतही होती. पण आईला राग आलाच नाही म्हणे. इतक्या वर्षांत तिला हे कुणी म्हणालंच नव्हतं. घरी आल्यावर तिनं सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं.